कडेचा चर

त्याला सगळे इंजिन म्हणत. शहराच्या शेवटच्या स्टेशनाबाहेरच्या शेडमधून सायकली घेऊन माणसं निघत, कालव्याच्या कडेने जंगलात शिरत आणि तळ्याला वळसा घालून दुपारी परतत. या सहलीचा वाटाड्या म्हणून एकोणीस वर्षं सगळ्यांत पुढे हाच. वाटेत खड्डा असला, समोरून कुणी पळत आलं, की त्याने त्या बाजूचा हात खाली करायचा आणि मागच्यांनी तिकडे सांभाळायचं.

"माझ्या हातावर लक्ष ठेवा," तो निघताना सांगे. "बाकी झाडं बघायला मोकळे."

दोन वर्षांपूर्वी त्याचे खांदे दारांच्या चौकटींवर आपटू लागले. मग शेजारून चालणारी बायको मध्येच नाहीशी व्हायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला यंत्रासमोर बसवलं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ त्याने बटण दाबलंच नाही. त्याला वाटलं, यंत्र अजून सुरू व्हायचंय.

"समोरचं दिसेल," बाई म्हणाल्या, "कडेचं जात राहील. नळीतून बघितल्यासारखं. सायकल आजपासून बंद."

घरी त्याने सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. बायकोचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान होतं. मशीनवरून मान वर न करता ती "बरं" म्हणाली.

रस्ता त्याला तोंडपाठ होता. तरी त्याने एक नवी शिस्त काढली: जंगलात कुणी बोलायचं नाही, पाखरं ऐकायची. खरं तर त्यालाच ऐकायचं असायचं, डावीकडून येणारी पावलं, कुत्र्याच्या पट्ट्याची साखळी. लोकांना ती शांतता फार आवडली. अशी सहल दुसरीकडे नाही, असं अभिप्रायाच्या वहीत लिहून जात. ते वाचून त्याला हसू यायचं, आणि तो वही पटकन मिटायचा.

त्या रविवारी सातजण होते. त्यांत शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या आणि त्यांचे यजमान.

"मला उताराची भीती वाटते," बाई म्हणाल्या. "तुमच्या चाकामागे चाक ठेवलं तर चालेल?"

"तसंच करा. मी आहे ना."

तळ्याच्या अलीकडे उतार आहे आणि लगेच डावीकडे वळण. आदल्या दिवशी पाइप टाकायला कामगारांनी तिथे डाव्या कडेने कमरेइतका चर खणला होता. ना फलक, ना दोरी. इंजिन आपल्या नेहमीच्या रेषेत वळला. चर त्याच्या चाकापासून वीतभर राहिला. हात हँडलवरच होता. मागे खडी घसरल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

बाई चरात पाठीवर पडल्या होत्या. "माझे पाय कुठे आहेत ते मला कळत नाहीये," त्या वर्गात सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या. यजमान त्यांच्याजवळ उतरले होते. त्यांनी एकदाच वर बघितलं.

"तुम्ही हात नाही केलात."

मणका मोडला होता.

संध्याकाळी सहलीच्या मालकिणीने त्याची समजूत घातली. "दादा, फलक नव्हता. कुणालाही दिसला नसता. चौकशीत तेवढंच सांगा." पण मागचे पाचजण चर बघूनच थांबले होते, हे त्याला ठाऊक होतं.

घरी येऊन तो बायकोसमोर बसला. "मला दिसत नाही," म्हणाला.

तिने मशीन थांबवलं. "माहीत आहे. दीड वर्ष झालं, ताट, पेला, सगळं तुमच्या नाकासमोर ठेवते. लक्षात नाही आलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"सायकलवरून आलात की माणसांत असायचात. घरी बसलात तर तुमचं काय होईल, याचीच धास्ती होती." मशीनमधलं कापड काढून घेत ती म्हणाली, "अशी कुणी बाई मागे असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

चौकशीत त्याने डॉक्टरीणबाईंचा कागद पुढे केला. मालकिणीने त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाकलं. महिन्याभरात सहल बंद पडली, सायकली विकल्या गेल्या.

मग तो आणि त्याची बायको त्या पडलेल्या बाईंना भेटायला दवाखान्यात गेले. बाई छताकडे बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, मागे चाक ठेवू का म्हणून."

"हो."

"मला एखादं उत्तर येत नसलं तर मी मुलांना तसं सांगायचे. येत नाही म्हणायचे. त्यात काही जात नव्हतं माझं." बाईंनी डोळे मिटले. "आता या तुम्ही. परत येऊ नका."

यजमानांनी दार लावून घेतलं.

आता तो बायकोच्या दुकानात खिडकीशी बसून जुनी शिवण उसवतो. समोरचं तेवढं अजून दिसतं. एखादं नवं गिऱ्हाईक सहज विचारतं, आधी काय करायचात?

"लोकांना सायकलवरून जंगल दाखवायचो," तो सांगतो. "माझ्यामुळे एक बाई कायमच्या अंथरुणाला खिळल्या."

सगळ्यांना कशाला सांगता, असं बायको एकदोनदा म्हणून बघते. तो ऐकत नाही. काही गिऱ्हाइकं कपडे घेतात आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाहीत.