फिनाईलने धुतलेली गुहा

टूरिस्ट आमच्या गुहेत कचऱ्यापेक्षा जास्त किस्से टाकून जातात. कचरा आम्ही रोज पोत्यात भरून खाली नेतो, किस्से मात्र साचत चाललेत!

अचलपूरच्या वरच्या डोंगरातली ही गुहा दाखवायला आम्ही तिघं गाईड. मी, विमलताई आणि सगळ्यांत सीनियर शेषरावकाका. आत छताला शेकडो वटवाघळं लटकलेली असतात. काका त्यांना 'घरचे लोक' म्हणतात आणि टूरिस्टांना 'पाव्हणे'.

*

एकदा अकोल्याकडचे एक कास्तकार आले. वर बघून नाक दाबत म्हणाले, "एवढे वटवाघळं! स्प्रे काहून नाही मारत तुमी?"

काका म्हणाले, "भाऊ, तुमच्या कपाशीवर अंडे घालणारे पतंग हेच खातात. तुमच्या फवारणीचं काम करून राहिले, तेही फुकटात!"

गृहस्थांनी ताबडतोब छताला हात जोडले. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, दोन पोते भरून द्या न. वावरात सोडतो!"

*

अमरावतीचा एक कॉलेजकुमार भिंतीवर खडूने स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव लिहीत होता. विमलताई अजिबात चिडली नाही. शेजारी जाऊन मायेने म्हणाली, "बाबू, तुयं आडनाव आन् गावही लिही. पोरीच्या बापाले तुले शोधाले सोपं जाईन."

त्याने स्वतःच्या रुमालाने भिंत पुसली. वर थँक यूसुद्धा म्हणाला!

*

आत मोठ्याने बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. गुहेच्या तोंडाशी तेवढं मोबाईलचं नेटवर्क येतं. तिथे उभ्या राहून एक बाई बहिणीला ओरडून सांगत होत्या, "हॅलो! मी गुहेत हावो! इथं बोलाची मनाई हाय! हो, अजिबातच नाही बोलू देत!"

हा नियम त्यांनी बहिणीला पूर्ण दहा मिनिटं समजावून सांगितला.

*

पण सगळ्यांत मोठा गाढवपणा आमचा स्वतःचा. उन्हाळ्यात मोठे साहेब गुहा बघायला येणार होते. आम्ही उत्साहाच्या भरात वटवाघळांची सगळी लेंडं झाडली, बादल्या भरभरून फिनाईल टाकलं आणि खराट्याने घासून गुहा चकाचक केली.

साहेब आले. "वा! अगदी दवाखान्यासारखं स्वच्छ! पण ती वटवाघळं कुठे आहेत?"

आम्ही वर बघितलं. छत रिकामं!

काका दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "दिवाळीपर्यंत नाही आले, तर मी ही नोकरी सोडतो. रिकाम्या घरात पाव्हणे कशाले फिरवू?" मलाही फार अपराधी वाटत होतं, कारण फिनाईल आणायची आयडिया माझीच होती.

पोळा गेला, दसराही गेला. काका रोज सकाळी एकटे आत जायचे आणि मान खाली घालून बाहेर यायचे.

*

दिवाळीच्या आठ दिवस आधी अकोल्याहून बायकांची एक बस आली. चाळीस जणी, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या! काका नेहमीसारखे आधी आत गेले. ते बाहेर आले ते उलट्या पावलांनी, ओठांवर बोट ठेवून. डोळे भरलेले.

"आले?" मी विचारलं.

"पुरे घरचे."

मग बायकांसमोर हात जोडून अगदी हळू आवाजात म्हणाले, "माय, आज गुहा बंद. घरचे लोक वापस आले. थकून झोपून राहिले."

एवढ्या लांबून आलेल्या चाळीस अकोलेकर बायका! आता काकांची काही खैर नाही!

सगळ्यांत पुढे एक जाडजूड आजी होत्या. त्यांनी काकांच्या तोंडाकडे नीट बघितलं, खाली वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या. त्यांचं बघून मागच्यांनीही काढल्या. चाळीस जणी अनवाणी पायांनी, चकार शब्द न काढता डोंगर उतरायला लागल्या.

वळणावर आजी थांबल्या. मला जवळ बोलावून कानात म्हणाल्या, "पोरी, उठले की सांगजो त्यायले, आमी येऊन गेलो म्हणून."