काकांची सही

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी मार्केटिंग, फायनान्स किंवा पर्सोनेल म्हणजे कर्मचारी व्यवस्थापन, यांतलं एक निवडायचं होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार असलेले माझे बाबा म्हणाले, "पर्सोनेल घे. कामगाराची मुलगी आहेस, कामगारांचं भलं करशील." मला ते पटलं.

पहिली नोकरी एका खासगी कारखान्यात लागली. तिथे स्वेच्छानिवृत्ती योजना आली होती. कामगार माझ्याशी मोकळेपणाने बोलतील, म्हणून त्यांना तयार करण्याचं काम साहेबांनी मलाच दिलं. यादीत आमच्या गल्लीतले एक काका होते. त्यांना नोकरी सोडायची नव्हती आणि सही करण्याची सक्तीही नव्हती. अर्ज हातात धरून ते म्हणाले, "काल तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, पोरगी सांगेल तसं करा. बोल, करू सही?"

साहेब शेजारीच बसले होते आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.

"करा, काका," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. "मोठी साहेब झालीस गं," असंही म्हणाले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "त्याला नीट सल्ला दिलास ना?"

मी हो म्हणाले.