चारशे पावलांवरची विहीर

ओमानमध्ये वादी अदाईहून घुब्र्याच्या आमच्या ऑफिसपर्यंत सकाळी अर्धा तास लागायचा, आणि तेवढ्या वेळात आमच्या गाडीत तीन हजार वर्षांचा इतिहास उरकला जायचा. गाडी आमच्या सीनिअर इंजिनिअरची. तो पॅलेस्टिनी, पासपोर्ट जॉर्डनचा, म्हातारा बाप अम्मानला. पुढच्या सीटवर आमचा एक पुणेकर सहकारी बसायचा. त्याला व्हॉट्सअॅपवर रोज पहाटे काहीतरी ऐतिहासिक येत असे, आणि ते पोटात ठेवणं त्याला जमत नसे. मागच्या सीटवर मी, सर्वेचे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन.

“टेक्निकली बघितलं ना, तर प्रश्न एकच,” पुणेकर म्हणायचा. “त्या जमिनीवर आधी कोण होतं?” मग राजे, मंदिरं, रोमन, तुर्क, इंग्रज, सगळे क्रमाने यायचे. इंजिनिअर गाडी चालवत राहायचा. फारच झालं तर म्हणायचा, “यल्ला, सीटबेल्ट लाव.” ज्याची जमीन गेली तो गप्प, आणि ज्याचा सदाशिव पेठेत दोन खोल्यांपलीकडे कशावर हक्क नाही तो निकाल देतोय, हे ऐकून माझं डोकं फिरायचं. पण बोलायचो मीही नाही. फुकटची लिफ्ट होती.

दोन हजार पंधरा-सोळाच्या सुमाराची ही गोष्ट. एकदा जेवणाच्या सुट्टीत इंजिनिअर माझ्या टेबलाशी आला आणि औषधाच्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा माझ्यापुढे ठेवला. आतल्या पांढऱ्या बाजूवर थरथरत्या हाताने नकाशा काढलेला होता. एक रेल्वेलाइन, एक वाकडा रस्ता, संत्र्यांची बाग, आणि बागेच्या कोपऱ्यात गोल. गोलाजवळ अरबीत काहीतरी लिहिलेलं.

“ही विहीर,” तो म्हणाला. “लाइनीपासून चारशे पावलं, असं लिहिलंय. बाबांचा डावा डोळा गेलाय, शुगर. उजव्याला डॉक्टर चार-पाच महिने म्हणतात. जमीन नको, काही नको म्हणतात, फक्त विहीर बघायचीय. मी दोनदा इस्रायलचा व्हिसा मागितला. खलास. अखी, ती कुठे आहे एवढं तरी शोधून देशील?”

अखी म्हणजे भाऊ. मी हो म्हणालो. नकाशा जुळवणं हा माझा धंदाच होता.

बाग अठ्ठेचाळीस साली, इस्रायल झालं तेव्हा सुटली; त्या वेळी इंजिनिअरचा बाप बारा वर्षांचा होता. म्हणजे चारशे पावलं बारा वर्षांच्या मुलाची. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. शुक्रवारी मी तिला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चालायला लावलं आणि मागून टेप धरून गेलो. “बाबा, व्हाय मी असं वॉक करतेय?” तिने तीनदा विचारलं. तिची चारशे पावलं भरली साधारण दोनशे तीस मीटर. इंजिनिअरने जुन्या खेड्याचं अरबी नाव सांगितलं होतं, त्यावरून जागा काढली. उपग्रहाच्या फोटोवर बाग नव्हती, रस्ता नव्हता, जिकडे तिकडे चार मजली चाळींसारख्या इमारती. पण रेल्वेलाइन होती तिथेच होती. लाइनीपासून मापलं, तर दोन इमारतींच्या मागे एका छोट्या बागेत एक काळा गोल ठिपका सापडला. मी खुर्चीतच ओरडलो. मग शहराचं नाव वाचलं आणि आनंद जागच्या जागी विरला.

शहर होतं रामला. ते नाव मला लहानपणापासून पाठ होतं, कारण आत्याची पाकिटं रामल्याहून येत.

आत्या रक्ताची नव्हे. रेवदंड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि आमच्या शेजारी शनवार तेल्यांचं घर होतं. म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. माझा बाप आणि ती एकत्र वाढली. सहासष्ट साली ती मंडळी इस्रायलला गेली, तेव्हा त्यांची नारळी-पोफळीची वाडी आणि तिच्यातली रहाटाची विहीर माझ्या आजोबांच्या स्वाधीन करून गेली. कागद झाला नाही. “येऊ तोवर सांभाळा,” एवढंच. पुढे कसणारा म्हणून आजोबांचं नाव लागलं, मग बापाचं, मग आम्हा भावांचं. सातबारा अगदी चोख. आत्या दोनदा गावी येऊन गेली. दोन्ही वेळा विहिरीच्या काठावर पाय सोडून बसली आणि म्हणाली, “आमच्या विहिरीचं पाणी अजून तसंच गोड हाय रे!” आमच्या विहिरीचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि या गोष्टीच्या दोन वर्षं आधी सुट्टीवर गेलो असताना ती वाडी विकायच्या कागदांवर मी सही करून आलो होतो. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, पन्नास वर्षं शिंपली कुणी? माडावर चढलं कोण? ती काय तिकडून येऊन राहणार आहे?” मुंबईच्या एका पार्टीला बंगला बांधायचा होता. भाऊ तिथे राबला होता, मी नव्हतो, म्हणून मी वाद घातला नाही. आत्याला कुणी कळवलं नाही. मी कळवीन असं भावाला वाटलं, भाऊ कळवील असं मला. खरं तर दोघांनाही तसं काही वाटलं नव्हतं.

आठवडाभर मी इंजिनिअरला टाळलं. पण रोज सकाळी त्याच्याच गाडीत बसायचं, तर टाळणार कसं? शेवटी आत्याला व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. ओमानमधून त्यावर फोन लागत नसे. ऑफिसातल्या एकाला जुन्या विहिरींचा नाद आहे, तुमच्या गावात अमुक ठिकाणी एक आहे, फोटो मिळेल का? इंजिनिअरला सांगितलं, ओळखीचं कुणीतरी आहे तिकडे. दोघांशी अर्धं अर्धं खोटं. कसला तरी पराक्रम केल्यासारखं मला तेव्हा वाटत होतं.

पाचव्या दिवशी फोटो आला. आता आपल्या माणसांची फोटोची रीत काय सांगावी! नुसत्या दगडमातीचा फोटो आपण काढतच नाही. देऊळ असो, धरण असो, पुढे माणसं उभी राहिलीच पाहिजेत. त्यातून हा फोटो गावाकडच्या पोराला जाणार. आत्याने सगळं कुटुंब गोळा केलं होतं. मधोमध ती स्वतः, ठेवणीतलं जरीचं पातळ नेसून. दोन्ही बाजूंना मुलगे, सुना. पुढे नातवंडं उकिडवी. आणि उजवीकडे नात, लष्कराच्या हिरवट गणवेशात, खांद्याला बंदूक, गालाला खळी. सुट्टीवर आली असावी. तेरा माणसं दात दाखवून हसत होती, आणि त्यांच्या पायांमधून विहिरीचा कठडा वीतभर दिसत होता.

खाली आवाज. “बघ रे बाळा, सगली आली तुझ्यासाठी. ही धाकटी नात. आवडला का फोटो तुझ्या माणसाला?”

मी कपाळावर हात मारला. दोन दिवस तो फोटो कापत बसलो. नातीला कापलं, तर विहीर अर्धी जायची. नातवंडांना पुसलं, तर दगडांची खीर व्हायची. सरकारी जमिनींच्या हद्दी केसाएवढ्या सरळ करणारा मी, मला चार दगड माणसांपासून वेगळे करता येईनात. सकाळी आरशातून इंजिनिअर विचारायचा, “अखी, काही खबर?” मी म्हणायचो, “इन्शाल्ला.” त्याच्या बापाला आता जेवणाच्या ताटातलं नीट दिसत नव्हतं. चमचा कुठे आहे ते सांगावं लागे, असं तो एकदा म्हणाला. आणि पुढच्या सीटवर त्याच सकाळी पुणेकर ज्यूंच्या दुसऱ्या मंदिराच्या भिंतीपाशी पोचला होता.

“गप बस!” मी ओरडलो. मराठीत, आणि इतक्या जोरात की इंजिनिअरने ब्रेक मारला. “आधी कोण, आधी कोण! तुझ्या बापाचं काय जातंय रे? हा एक फोटो मागतोय!”

मला फार बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली, कारण पुणेकराचं खरोखर काही जात नव्हतं. लपवाछपवी मी करत होतो.

त्या दुपारी मी आत्याला खरं सांगितलं. फोटो कुणाला हवा, विहीर कुणाची, म्हाताऱ्याचा डोळा, सगळं. फोटोत कुणीही उभं राहू नका म्हणून विनंती केली. तिने ऐकल्याची निळी खूण उमटली आणि पुढे तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी आवाज आला, चिडलेला.

“आधी सांगायचं होतंस. माझा थोरला ताडताड बोलला मला. त्याच्या पोरीला उभी केली मी तितं, बंदुकीसकट. उद्या म्हणतील, आमची होती, द्या परत. आमचे वाडवडील हितलेच की रे. दोन हजार वर्सांमागं गलबत फुटून तिकडं लागले, हे तुला ठाव नाय? हे पण आमचंच, आन् गावचं ते पण आमचंच.” मग आवाज खाली आला. “आमाला विमानातून उतरवलं, ट्रकात घातलं, पत्र्याच्या खोलीत टाकलं. मंग हे घर दिलं. कुनाचं होतं ते कुनी सांगितलं नाय. मी पण इचारलं नाय. तरणी होते, पोर पोटात होतं, कुनाला इचारू?”

आत्याचं खरं, इंजिनिअरचं खरं, माझ्या भावाचंही त्याच्यापुरतं खरं. ज्याची पाळी येते त्याचं खरं वाटतं, आणि ऐकणाऱ्याने फक्त माना डोलावायच्या. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

पण शुक्रवारी दुपारी दुसरा फोटो आला. माणूस एक नाही. गोल दगडी कठडा, एका बाजूने खचलेला, तोंडावर लोखंडी जाळी, शेजारी पाण्याचा कोरडा हौद. आणि भोवतीची जमीन लख्ख झाडलेली. खराट्याचे अर्धगोल वळ मातीत दिसत होते, वर पाण्याचा सडा. पाहुणा यायचा असला की आमच्याकडे अंगण करतात, तसं. सत्तरीच्या बाईने परक्या बागेत जाऊन ते केलं होतं.

“म्हाताऱ्याला सांग,” ती म्हणत होती, “मी उभी नाय राहिले.”

इंजिनिअरने तो फोटो अम्मानला पाठवला. त्याच्या बहिणीने टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावला आणि म्हाताऱ्याला पडद्याच्या अगदी जवळ, नाक टेकेल इतकं जवळ बसवलं. तो पुष्कळ वेळ उजव्या डोळ्याने बघत होता. हौदाची फुटकी कड त्याने बोटाने दाखवली. ती त्याच्या थोरल्या भावाने फोडली होती. मग त्याने एकच विचारलं.

“बाबा विचारतात, झाडलं कुणी?” इंजिनिअर माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला. त्याचे डोळे लाल होते.

“आमच्या शेजारणीने,” मी म्हणालो.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशी मला वाटलं, चला, एवढं तरी नीट झालं.

संध्याकाळी आत्याचा आवाज आला. म्हातारा काय म्हणाला ते तिला हवं होतं. मी सगळं लिहून पाठवलं. ती खूश झाली. आणि मग म्हणाली, “आता आपल्या विहिरीचा पण काढून पाठव. तसाच. कुनाला उभं करू नको. नुसती विहीर, रहाट, आन् मागं ती दोन माडं.”

मी गावी भावाला फोन लावला. नुसता फोटो काढून पाठव म्हणालो, बंगलेवाल्यांना विचारून.

“दादा, विहीर बुजवली. कधीच. त्यांची लहान पोरं असतात सुट्टीत, म्हणून.”

“बुजवली म्हणजे?”

“म्हणजे दोन डंपर माती टाकली. वर ब्लॉक बसवलेत, गाड्या लावायला. पाठवू फोटो?”

त्याने पाठवलाही. लाल-करड्या ब्लॉकचं सपाट अंगण, एक पांढरी गाडी, आणि गाडीपुढे आमचाच भाऊ, हसत उभा.

तिकडे ज्यांनी बाग घेतली त्यांनी निदान जाळी तरी घातली होती. आम्ही शेजारी; आमच्यावर सोपवलेली विहीर आमच्याच सहीने बुजली. परक्या माणसाची विहीर मी एका पोरीच्या पावलांवरून शोधून काढली. आणि आत्याची विहीर, जिचं पाणी पिऊन वाढलो, ती तहसील कचेरीबाहेर दुसऱ्याच्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही करताना मला आठवलीसुद्धा नव्हती. थू माझ्यावर, असं मी मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघरातून बायकोने काय झालं म्हणून विचारलं.

आत्याला सांगायला मी तीनदा फोन तोंडाशी धरला. तिने खरं ऐकून घेऊन खराटा उचलला होता. मला तेवढंही जमलं नाही. शेवटी शुक्रवारी दुपारी लिहून पाठवलं, गावात फार पाऊस आहे, उघडला की भाऊ काढेल.

तिचं उत्तर लगेच आलं. मागे भांड्यांचा आवाज होता, शनिवारच्या आधीची गडबड.

“असू दे रे बाळा, घाई नाय. विहीर कुठं जातेय.”