देवीला घाई नाय

शिमगा जवळ आला की आमची वाडी फुलून जाते. त्या वर्षी मला मात्र नुसती धडकी भरली होती. माझ्या मोठ्या आतड्याला सूज येते, जखमा होतात, शौचातून रक्त जातं. औषधांनी रक्त बरंचसं थांबलं होतं, पण कधी संडासला धावावं लागेल ही धास्ती जाईना. महाडच्या शाळेत शिकवतानाही अर्धं लक्ष दाराकडे. लग्नं, बारशी, एसटीचा प्रवास, सगळं सोडलं. डॉक्टर म्हणाले, "काळजीनं पोट भडकतं आणि पोटामुळे काळजी वाढते. या गोळ्या चालू ठेवा, पण मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा." मी चिडलोच. मला काय वेड लागलंय?

उमरठच्या अलीकडे आमची वाडी. ग्रामदेवी सोमजाईच्या पालखीला पुढून खांदा द्यायचा मान आमच्या घराचा, वडिलांमागे माझ्याकडे आलेला. पालखी खांद्यावर असताना कळ आली तर काय करायचं? शिवाय अशा अंगानं देवीला शिवावं का, हाही किडा डोक्यात वळवळत होताच. देवळात जाऊन मी हात जोडले. म्हटलं, आई, सांभाळ, नाहीतर हा मान आता काढून घे. खरं सांगतो, मान सुटला तर बरं, असंच वाटत होतं.

पालखी घरोघर निघाली. दोन-चार घरं नीट पार पडली आणि पुढच्या अंगणात शिरतानाच ओळखीची कळ आली. दांडी घट्ट धरून मी जागीच थांबलो. माझ्यामागे दांडीला एक अनोळखी माणूस होता, वाडीतल्या कुणाचा तरी जावई, मुंबईला टेम्पो चालवणारा. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पालखी पाटावर ठेवायला लावली आणि घरच्या बाईंना सरळ म्हणाला, "ताई, मास्तरांना संडास दाखवा." सगळ्यांदेखत. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. तो म्हणाला, "जावा तुमी, मास्तर. देवीला घाई नाय."

बाहेर आलो तेव्हा वाटलं, पालखी पुढे गेली असणार. ती पाटावरच होती. बायका ओटी भरत होत्या, ढोलवाले सावलीत टेकले होते आणि दांडीजवळची माझी जागा रिकामी होती. कुणी हसलं नाही. त्या ताईंनी माझ्या हातापायांवर पाणी घातलं. जावई भर अंगणात म्हणाला, "माजं बी हेच दुखणं हाय. पोटाच्या गोळ्या घेतो, मनाच्या डॉक्टरकडं पन जातो. लाज धरली तवा लय भोगलं." माझे डोळे भरून आले. जी गोष्ट मी बायकोलाही धड सांगितली नव्हती, ती हा माणूस देवीसमोर उघडपणे बोलत होता. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. मी खांदा दिला आणि पालखी शेवटच्या घरापर्यंत नेली.

त्यानंतर मी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो, अजून जातो. आजार आहेच, कधी उफाळतो, कधी शांत असतो. त्याला घाबरून घरात बसणं मात्र संपलं. देवीनं त्या माणसाला धाडलं की तो आपसूक तिथे होता, हे मी ठरवत बसत नाही. तिच्या स्वाधीन व्हायचं म्हणजे आपलं सगळं दुखणंही तिच्यापुढे ठेवायचं, एवढं मला त्या अंगणात कळलं.

पुढच्या शिमग्याला त्याच घरी पालखी आली. ताई ओटीचं ताट घेऊन उभ्याच होत्या. देवीआधी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, जाऊन येताव का आदी?" अख्खं अंगण हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, पालखी खांद्यावर घेऊन.