आमदारबाईंचा हात

इथं आखातात, आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या इमारतीत एक जर्मन म्हातारी मुलीकडे राहते. लढाईनंतरच्या ढिगाऱ्यात वाढली आणि पुढे तिकडे आमदार झाली, असं माझी सून सांगते. मी चौथीपर्यंत शिकलो, पण बोलायला कुणाची परवानगी मागत नाही. ही बाई मात्र आधी हात वर करते आणि कुणी "बोला" म्हणेपर्यंत थांबते.

परवा, आम्ही दोघं रोज बसतो तो सावलीतला बाक न्यायला इमारतीच्या ऑफिसची माणसं आली. तिनं हात वर केला. कुणी बघेना.

मी ओरडलो, "अरे, बाई का सुनो!"

"खलास, चाचा. ऑर्डर है," त्यातला एक म्हणाला.

शेवटी शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलीनंच तिचा हात धरून खाली घेतला. "ममा, प्लीज."

आता आम्ही भिंतीला टेकून उभे राहतो. "बोला, आमदारबाई," मी रोज म्हणतो. हात काही वर येत नाही.