झिरा

राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्याकाठच्या पायवाटेने चालून माझे बूट चिखलाने जड झाले होते. काठच्या वाळूत घमेलंभर पाण्याचा खड्डा दिसला, त्यातच मी ते खळबळून धुतले. वाट दाखवायला आलेल्या सोनूबाई मागून आल्या आणि थबकल्या.

“ताई, हा झिरा हाय. सकाळीच उकरलाय, प्यायला.”

ओढा दोन पावलांवर वाहत होता. मी जंगल बघायला आले होते. इथे कुणाला तहानही लागत असेल, हे मनातच आलं नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. गढूळ पाणी ओंजळीने उपसून त्या नवं पाझरायची वाट बघत बसल्या. पिशवीतली माझी बाटली काढायचा मला धीर होईना.

पाणी निवळून तळ दिसू लागला, तेव्हा त्यांनी पानाचा द्रोण भरला आणि आधी माझ्यापुढे धरला.