धाकटीला विचारलेला प्रश्न

बाईला मूल कधी हवं, नको असेल तर गोळी कोण आणतं, नवऱ्याला नाही म्हणता येतं का, असले प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षं सातारा-सांगलीच्या गावांतून हिंडते. स्वतःच्या शरीराबद्दल बाईला किती ठरवता येतं, हे मोजायचं आमचं काम. प्रश्न काढणाऱ्यांनी एक नियम घालून दिलाय: बाई एकटी असतानाच विचारा. हा नियम आठवला की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे बाई एकटी असते कधी? खंडाळ्याकडे एकदा एका सासूला गोडीगुलाबीने बाहेर बसवलं, तर ती खिडकीतून उत्तरं द्यायला लागली.

कवठे महांकाळच्या पुढे एका मेंढपाळाच्या घरी तर तीन जावा एका ओळीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बोलायचं होतं धाकटीशी. बाकीच्या दोघींना म्हटलं, जरा आत बसता का? थोरली हसली.

"आवं म्याडम, आमचं एकमेकीपासनं काय लपल्यालं हाय? इचारा की."

आणि तिने शेंगांचं सूप माझ्यापुढेही सरकवलं. मी मुकाट्याने फोडायला लागले.

बोलता बोलता त्यांची रीत कळली. दिवाळीनंतर मेंढरं पाण्याच्या मुलखात जातात, आणि पुरुषांबरोबर बिऱ्हाड घेऊन एका तरी जावेला चालावं लागतं. पोटुशी बाई किंवा ओली बाळंतीण कशी चालणार? थोरलीला गुडघ्यामुळे लांबचं चालवत नाही, म्हणून मधलीला आणि धाकटीला एकाच वेळी दिवस जाऊ द्यायचे नाहीत, हे जावांनीच ठरवून टाकलेलं. नवऱ्यांना कुणी विचारलंही नव्हतं. थोरलीचं मूल बंद करायचं ऑपरेशन झालेलं, पण गोळ्या आणायची तीच. दर रविवारी देवाला नैवेद्य दाखवून झाला की आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी, जिला थांबायचं असेल तिच्या हातावर गुळाच्या खड्याबरोबर ठेवायची. मला त्या तिघी भारी आवडल्या. 'कोण ठरवतं' या प्रश्नाखाली माझ्या कागदावर नवरा होता, सासू होती, दोघं मिळूनही होतं. जाऊ कुठेच नव्हती. प्रश्न काढणाऱ्या शहाण्यांना जावा नसतात की काय, म्हणून मी मनातल्या मनात चांगलीच उखडले.

मधली तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती, म्हणजे यंदाही चालायचं धाकटीनेच.

"तुम्हाला आत्ता मूल हवंय का?" मी धाकटीला विचारलं.

"तिला इतक्यात नगं," थोरली म्हणाली.

"त्यांना सांगू दे ना!" माझा आवाज जरा चढलाच.

धाकटीचे हात थांबले. तिने मधलीच्या बाळाकडे पाहिलं.

"पायजे," ती म्हणाली. "लय दिस झालं, पायजे."

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. "मग बोलली न्हाईस ती कवा?"

"इचारलं कवा कुणी?"

मधलीच्या मांडीवरचं बाळ कुरकुरलं. मला भीती वाटली. आता भांडण लागणार, मी मिरजेची गाडी पकडून निघून जाणार, आणि या पोरीला मात्र इथेच दिवस काढायचे. माझ्या प्रश्नाने तिचं होतं ते सुखही घालवलं असतं, तर मला ते सहन झालं नसतं.

थोरलीने लुगड्यावरची टरफलं झटकली. गोळ्यांचं पाकीट आतून आणलं आणि धाकटीच्या हातात दिलं.

"हे तुझ्यापाशीच ठेव. खा न्हाईतर सोड, तुझं तू बघ. यंदा मेंढरामागं मी चालते."

धाकटीच्या डोळ्यांना धार लागली. "पर आक्का, तुमचा गुडगा..."

"गुडगा माझा हाय," थोरली म्हणाली. "त्येचं मी ठरवीन."